टपावरच्या संचाचा हिरवा दिवा

मित्रांनो, मी एक जुना उपग्रह-संच आहे आणि आज चांगलाच चिडलो आहे. गोडगोड ऐकायचं असेल तर दुसरीकडे जा.

एका रुग्णवाहिकेच्या टपावर मी सात वर्षं ऊन-पाऊस सोसला. डोंगरातल्या रस्त्यांवर मोबाईलला रेंज नसते. परिचारिका रुग्णाच्या हृदयाचा आलेख काढायची, मी तो उपग्रहामार्फत रुग्णालयात पाठवायचो आणि गाडी पोहोचण्याआधी डॉक्टर तयारीला लागायचे. आलेखाचे लहान तुकडे करून प्रत्येकाला मी क्रमांक द्यायचो आणि प्रत्येकाची पोच मागायचो. वळणावर कडा आडवा आला की दोन-चार तुकडे हरवायचे. तेवढेच मी पुन्हा पाठवायचो. सगळे पोहोचले की मगच हिरवा दिवा लावायचो.

"आमचा टपावरचा बाबा कूर्मगतीचा, पण शब्दाचा पक्का!" असं म्हणून चालक मला थोपटायचा. मी खूश व्हायचो.

मग मुख्यालयातल्या साहेबांना वेगाचं वेड लागलं. कोणता संच किती सेकंदांत हिरवा होतो, याचा तक्ता भिंतीवर लागला. मी सगळ्यांत खाली.

"साहेब, पोच मागणं बंद केलं तर हा लगेच हिरवा होईल," तंत्रज्ञ चाचरत म्हणाला. "पण मग तिकडे पोहोचलं की नाही..."

"पण-बिण नको. तक्त्यात वर आला पाहिजे."

मी पहिला आलो. माझ्या अंगावर 'उत्कृष्ट' असा कागदही डकवला. लाज वाटली मला!

एका दुपारी चालकाचा थोरला भाऊच छाती धरून गाडीत आडवा झाला. पेशाने गवंडी, धडधाकट माणूस. परिचारिकेने आलेख पाठवला. कड्याने अर्धे तुकडे गिळले, पण विचारायचीच बंदी असल्यामुळे मला पत्ताही लागला नाही. दिवा हिरवा!

"दादा, धीर धर," चालक म्हणाला. "आलेख गेलाय. दारात सगळे उभे असतील बघ."

दारात कुणीही नव्हतं. डॉक्टरांना शोधून आणून तयारी होईपर्यंत पाऊण तास गेला. दादा वाचले, पण हृदय कायमचं अधू झालं. आता ते शिडी चढू शकत नाहीत.

चौकशीत साहेबांनी लिहिलं, 'संच जुना झाला होता.' सगळं खापर माझ्यावर! मला काढून गॅरेजच्या फळीवर टाकलं. नव्या संचातही पोच बंदच आहे. तक्ता अजून भिंतीवर आहे.

परिचारिका मात्र आता दिव्यावर विसंबत नाही. आलेख पाठवला की नव्या संचाला जोडलेल्या उपग्रह-फोनवरून रुग्णालयाला दरडावते, "समोर दिसतोय ना? मग त्यावरचं वय वाचून दाखवा!" ते चुकले की पुन्हा पाठवते. माझं काम ती माउली तोंडाने करते.

मित्रांनो, आमची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण आम्हाला खोटं बोलायला लावू नका. चालक रोज या फळीखालून जातो. त्याला वाटतं, मीच त्याला फसवलं. तो मान वर करून माझ्याकडे बघतसुद्धा नाही.