पॅकिंगवालीचे अभिप्राय

कारखान्याच्या वाचनालयात पुस्तक परत करताना चिठ्ठीवर अभिप्राय लिहून द्यायचा, असा ग्रंथपालकाकांचा नियम होता. नियम कसला, म्हाताऱ्याचं खूळ! लोक ‘छान’ एवढं खरडून मोकळे व्हायचे.

पॅकिंग विभागातली एक बाई मात्र मनापासून लिहायची. ती काही मोठी वाचणारी नव्हती, हाताला लागेल ते न्यायची. रहस्यकथेवर तिनं लिहिलं, ‘खुनी शोधायला दोनशे पानं घालवली. घरातल्या बाईला विचारलं असतं तर पहिल्याच पानावर कळलं असतं.’ भुताच्या गोष्टींवर, ‘हे भूत बाराच्या ठोक्यालाच येतं. वेळ ठरलेली असली की बरं असतं.’ प्रवासवर्णनावर, ‘लेखक उठतो आणि निघतो. दाराची किल्ली कोणाकडे होती, ते लिहिलेलं नाही.’ आणि पाककृतींच्या पुस्तकावर, ‘मीठ चवीनुसार. कोणाच्या चवीनुसार, ते आधी सांगायला हवं होतं.’

काका पोट धरधरून हसले. टाइमकीपरला वाचून दाखवलं, तोही हसला. “बाई भलतीच बेरकी आहे हो!” मग काकांना कुठला दम निघतोय! चारही चिठ्ठ्या त्यांनी कॅन्टीनच्या फलकावर टाचल्या. अक्षर सुरेख, म्हणून तिच्याच हातच्या.

दुपारी ती धावत आली. चेहरा पांढराफटक. “काका, तेवढं काढा ना. पाया पडते.”

“अगं, लाजतेस काय वेड्यासारखी? शनिवारपर्यंत राहू दे. लोकांना कळू दे की आपल्याकडेही रत्नं आहेत!”

तिनं तोंड उघडलं, पण भोंगा झाला आणि ती गेली. काकांना वाटलं, विनय आहे पोरीत.

संध्याकाळी तिचा नवरा, क्रेन चालवणारा, चहाचा ग्लास घेऊन फलकापुढे उभा राहिला. चारही चिठ्ठ्या त्यानं सावकाश वाचल्या. “अक्षर ओळखीचं वाटतंय.”

“वाटणारच! अहो, तुमच्याच घरातलं आहे!” काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो हसला. काकाही हसले.

चार दिवस ती कामावर आली नाही. पाचव्या दिवशी तिच्या शेजारी काम करणारीनं सांगितलं की ती इस्पितळात आहे, उजव्या हाताची बोटं दारात चिरडलीत. काका तसेच निघाले.

खाटेवर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. हाताला हे एवढं बँडेज. काकांनी हाक मारली, पण तिनं मान वळवली नाही. जबाब घ्यायला आलेल्या पोलीसबाईंनी त्यांना बाजूला नेलं.

“चुकून दार लागलं म्हणते. नवराही तेच म्हणतो. तुम्ही तिच्या रोजच्या बघण्यातले. कधी काही सांगितलं होतं का तिनं?”

क्रेनवाला हाकेच्या अंतरावर उभा राहून सगळं ऐकत होता.

“सांगितलं होतं,” काका म्हणाले. “चार वेळा, लेखी दिलं होतं. आणि मी गाढव, हसत बसलो.”