जोडीतला एक सेल

रेविनने सिगारेट सोडली ती डॉक्टरच्या धाकाने नव्हे, स्वतःच्या हट्टाने. आणि हातात वाफ ओढायचं व्हेप धरलं तेही लोकांच्या नाकावर टिच्चून. ब्लफ गावाच्या बोचऱ्या वाऱ्यात, बंदराकडे तोंड करून बांधलेल्या आपल्या लाकडी घराच्या पायरीवर बसून ती पांढरे लोट सोडायची, तेव्हा येणारेजाणारे म्हणायचे, म्हातारीने चूल पेटवली वाटतं. तिला त्याचं काही वाटत नसे. मटणाच्या कारखान्यात सुऱ्या चालवण्यात उभा जन्म गेलेली बाई ती. लोक काय म्हणतील याची फिकीर तिने तरुणपणीही केली नव्हती.

तिचं व्हेप मोठं, दोन सेलवर चालणारं होतं, आणि सेलच्या बाबतीत मात्र ती सेफोचा शब्द खाली पडू देत नसे. सेफो जवळच्या इन्व्हरकार्गिल शहरातला व्हेपचा दुकानदार, मूळचा सामोआचा, अंगाने दांडगा आणि बोलायला मऊ. वेष्टनावर छापलेल्या मोठमोठ्या आकड्यांना भुलून कुठूनतरी स्वस्तातले सेल मागवायचे नाहीत, वेष्टन जरा जरी फाटलं तरी सेल बाद, खिशात किल्ल्यांबरोबर सुटा सेल कधी टाकायचा नाही, असं त्याने तिला पढवून ठेवलं होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जोडी एकाच दिवशी घ्यायची, एकत्र वापरायची, एकत्र चार्ज करायची आणि शेवटपर्यंत तोडायची नाही. दुकानात येणारी गिऱ्हाइकं याला सेलचं लग्न लावणं म्हणत.

थंडी पडू लागली आणि एके दिवशी व्हेप अडून बसलं. मुलगी कर्स्टी डनीडनहून आली होती. तिच्याच गाडीतून दोघी दुकानात गेल्या. सेफोने दोन्ही सेल मीटरवर लावून पाहिले आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"मावशी, एक जवळजवळ भरलेला आहे आणि एक पार उतरलाय. दोघं बरोबर राबतात, तर बरोबरच उतरायला हवेत. हा तुम्ही दुसऱ्या कशात घातला होता का?"

"कशात घालणार? माझ्या घरात दुसरं काही या सेलवर चालत नाही."

"आठवून बघा. अशी बिघडलेली जोडी एखाद्या दिवशी तोंडाशीच पेट घेईल."

कर्स्टीला आयतंच कोलीत मिळालं. बाप गेल्यापासून ती आईच्या मागे लागली होती, की हे घर विकू आणि डनीडनला माझ्याजवळच्या वृद्धाश्रमात तुझी सोय करू. परतताना गाडीत तिने पुन्हा तोच पाढा सुरू केला.

"तू काढतेस आणि विसरतेस, आई. उद्या घर पेटवून बसशील."

"घर माझं आहे. पेटलं तर विझवीनही मीच."

बोलायला ती बोलली, पण आतून चरकली होती. आपलं डोकं खरंच दगा देत असेल तर, ही भीती तिला जन्मात पहिल्यांदा शिवली, आणि त्या भीतीचाच तिला संताप आला. तिने सेफोकडून दुकानातली सर्वांत भरवशाची जोडी घेतली होती. त्यातल्या एका सेलवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, दोन्ही भरून घेतले, प्लास्टिकच्या डबीत घालून डबी पावाच्या डब्यात ठेवली, आणि व्हेपला हातच लावायचा नाही असं ठरवलं. सकाळी ठिपक्याचा सेल उतरलेला होता. दुसऱ्या दिवशी तिने डबी कपाटात कुलपाखाली ठेवली. तरी तेच.

असा एकच सेल कशात लागतो, हे तिला भांडी विसळता विसळता आठवलं. डेसच्या टॉर्चमध्ये. तो टॉर्च घेऊन तिचा नवरा रात्री ओढ्यावर वाम मासे धरायला जायचा, आणि विचारल्याशिवाय तिचे सेल उचलायचा. पण टॉर्च आता घरात नव्हता. बाबांना अंधार आवडत नाही, म्हणून कर्स्टीनेच तो शवपेटीत त्यांच्या हाताशी ठेवला होता. रेविनने हात पुसले आणि तो विचार तिथेच सोडला. रोज सकाळी ती मुकाट्याने दोन्ही सेल चार्जरला लावू लागली.

पुढच्या खेपेला कर्स्टीने ते पाहिलं. टेबलावर गरम चीज रोल होते; तिने एकालाही हात लावला नाही.

"ही डबी मी घेऊन जाते. आठवडाभर माझ्याकडे राहू दे. सेल उतरले नाहीत, तर हे सगळं तूच करत होतीस असं कबूल करायचं आणि निमूट माझ्याबरोबर यायचं."

"आणि उतरले तर?"

"तर तुझ्या घराचं नाव पुन्हा काढणार नाही."

"ने," रेविन म्हणाली. "आणि शब्द पाळ."

व्हेपवाचून दिवस काढणं सोपं नव्हतं; ती भिंतींशी भांडली, कोबीच्या वाफ्यातलं तण उपटलं, पण सिगारेट आणली नाही. आठवडा भरायच्या आतच, ती चहा ओतत असताना फोन वाजला.

"आई." पलीकडून कर्स्टी होती. "ठिपक्याचा उतरलाय."

"म्हटलं नव्हतं?"

"डबी माझ्या उशाशी होती. दाराला आतून कडी होती." तिचा आवाज लहानपणच्यासारखा झाला होता. "आणि सेल ओला आहे, आई, ओढ्याच्या पाण्यासारखा वास येतोय. मी तुझ्याकडे येऊन राहू का?"

घर राहिलं होतं. डोकंही शाबूत होतं. रेविनला मोठ्याने हसायचं होतं, पण हसू काही येईना. उघड्या दारातून तिला पलीकडच्या खोलीतला आपला पलंग दिसत होता. डेस गेल्यावरही रोज सकाळी ती आपल्या कडेलाच, त्याची बाजू सोडून, भिंतीला टेकून जागी व्हायची. ही डबी गेल्यापासून मात्र पलंगाच्या अगदी मधोमध.

"ये," ती म्हणाली. "आत्ताच नीघ. आणि दोन्ही घेऊन ये, कर्स्टी. एक जरी तिकडे ठेवलास, तर माझ्याशी गाठ आहे."