पृथ्वीची टोपी

मावशीच्या लेकीला मुलगी झाली, त्याच वर्षी पृथ्वीची टोपी लहान करायचा हुकूम आला.

पृथ्वीगोल बनवणाऱ्या कारखान्यात मावशी चिकटवण्याचं काम करी. पुठ्ठ्याच्या चेंडूवर नकाशाच्या बारा पट्ट्या खळ लावून बसवायच्या, वर त्यांची टोकं जुळवायची आणि त्यावर पांढऱ्या कागदाची चकती डकवायची. ही चकती म्हणजे उत्तर टोकाच्या समुद्रावरचा बर्फ. कारखान्यात तिला सगळे टोपीच म्हणत.

पाच-सहा वर्षांपासून मावशीचे हात थरथरू लागले होते. टोकं जुळत नसत, मध्ये बोट जाईल एवढं भोक राही. पण टोपी घातली की सगळं झाकून जाई. हे एकट्या मावशीला ठाऊक होतं. उघडकीला आलं असतं तर खिडकीजवळची तिची जागा गेली असती, आणि घरी छताकडे बघत बसायची कल्पनाही तिला नको वाटे.

लेक उपग्रहाच्या फोटोंवरून बर्फ मोजण्याच्या नोकरीत होती. बाळंतपणाला आली तेव्हा मूल मांडीवर घेऊन तिने आईला सुनावलं, "उन्हाळ्याअखेरीस एवढा बर्फ आता उरतच नाही. दर दशकाला कमी होतोय. तुम्ही चक्क पोरांना टोपी घालताय, आई."

"टोप्या घालूनच तुला शिकवलं," मावशी म्हणाली.

पण शाळाखात्याचंही तेच म्हणणं पडलं. मालकांनी दोन पंखे लावून सभा घेतली. बर्फ तिकडे वितळतोय, त्याचा आपल्याला काय त्रास, असं त्यांनी घाम पुसत विचारलं. कारकुनाने बर्फ तेवढाच ठेवून खाली बारीक अक्षरात 'अंदाजे' छापायचं सुचवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, पण हुकूम तो हुकूम. बशीएवढी टोपी बटणाएवढी झाली.

मावशीने पहिलं बटण डकवलं आणि ते भोकातून थेट पृथ्वीच्या पोटात पडलं. मालकांनी गोल उचलून हलवला. आत कागद खसखसला.

"मावशी, हे भोक कधीचं?"

"जुनंच आहे, मालक. बर्फ होता तोवर कुणी विचारलं नाही."

आता आपली जागा गेली, असं धरून ती हात पुसत उभी राहिली. मालकांच्या डोळ्यांपुढे मात्र गोदामातले तयार गोल आले; त्यांच्याही टोप्यांखाली असंच भोक असणार. त्यांनी मोठ्या टोप्या परत आणवल्या आणि खाली छापून घेतलं, 'हिवाळ्यातली पृथ्वी'. खात्याच्या साहेबांनी गोल फिरवून पाहिला, पांढरा रंग खुलतो म्हणाले आणि सही केली. मावशीची जागा राहिली. त्या दिवशी घरी जाताना तिने स्वतःसाठी नवी चप्पल घेतली.

पुढची तीन वर्षं तिने हिवाळा चिकटवला. लेकीने तो विषय पुन्हा काढला नाही, फक्त मावशीने नातीसाठी कारखान्यातून आणलेला गोल कपाटावर चढवून ठेवला. नातीने एकदा हट्टाने तो खाली काढायला लावला, नखाने टोपी उचकटली आणि भोकात बोट घातलं.

"आजी, आत काहीच नाहीये."

"नाही गं. म्हणून तर वरून टोपी."

नात हसली नाही. तिने ती चकती आजीच्या थरथरत्या हातावर ठेवली आणि दुसऱ्या खेळाकडे वळली.

त्याच वर्षी, सप्टेंबरच्या चौदा तारखेला, लेक वर्षातला सर्वांत कमी बर्फ मोजायला कचेरीत गेलेली असताना मावशी घरी वारली.