चौथं बटण

जगात माणसांचे दोनच प्रकार असतात: बेस गिटारचं महत्त्व कळणारे आणि उरलेले. पहिल्या प्रकारात माझा मेहुणा आहे. तिथे दुसरं कोणी असल्याचं अजून तरी कानावर आलेलं नाही.

मेहुणा पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासतो आणि खात्याच्याच वाद्यवृंदात बेस वाजवतो. त्याची जागा ड्रमच्या मागे, पडद्याला खेटून. ग्रुप फोटोत त्याचं कोपर येतं. गायक म्हणजे खात्याचे कॅशियर. त्यांना सगळे बुलबुल म्हणतात, कारण ते नाव त्यांनीच सुचवलं होतं. तर या बुलबुलांनी फर्मान काढलं, की बेस फार घुमतो, त्यात शब्द बुडतात. शनिवारच्या कार्यक्रमातही घुमला तर यापुढे बेसशिवाय भागवू. अकरा वर्षं वाजवणाऱ्या माणसाला हे ऐकवलं, तेही चहाच्या रांगेत.

मेहुणा गिटार आणि मला घेऊन रेडिओ मेकॅनिककडे गेला. मेकॅनिकने झाकण उघडून समजावलं, की टोनच्या बटणाला जसा कपॅसिटर जोडाल तसा आवाज. लहान जोडला तर नुसती धार मरते, मोठा जोडला तर आवाज दुलईतून आल्यासारखा येतो, आणि जोडणी बदलली तर घुमणंही कापता येतं. यातलं काय करू, असं त्याने विचारलं. मेहुण्याने दोन दिवस विचार केला. त्याच्या बायकोने नोंदवून ठेवलं, की भिंतीचा रंग निवडायला मला दहा मिनिटं लागली तर हा पायरीवर जाऊन बसतो. शेवटी तो मेकॅनिकला म्हणाला, सगळंच करा.

गुरुवारच्या तालमीला गिटारवर चार बटणं आणि दोन खटके होते. प्रत्येक ओळीला साजेसा टोन द्यायचा म्हणून मेहुणा दोन्ही हातांनी बटणं पिळत राहिला. तारांना हात लावायला सवडच मिळाली नाही. तालीम संपल्यावर बुलबुलांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आज बेस कसा, अगदी हवा तसा होता म्हणे.

घरी येऊन मेहुणा भिंतीकडे तोंड करून बसला.

"दाजी," तो म्हणाला, "मी वाजवलंच नाही, आणि तेच आवडलं."

शुक्रवारी पुन्हा मेकॅनिक. त्याने सगळी हकिगत ऐकली आणि गिटारच्या पोटातलं सगळं उपसून काढलं. टोनला एकच साधा कपॅसिटर ठेवला. चौथ्या बटणाची मात्र वायर कापली आणि बटण तसंच राहू दिलं.

"हे कशाला जोडलंय?" मेहुण्याने विचारलं.

"कशालाच नाही. ते तुमच्या गायकाचं. त्यांचा हात पोचेल इतक्या अंतरावर उभे राहा, म्हणजे झालं."

गायकाची तक्रार असलेल्या प्रत्येक बेसला तो चाळीस वर्षं असं एक बटण ठेवत आला होता. त्यातली एकही गिटार परत आली नव्हती.

शनिवारी मेहुणा ड्रमच्या मागून निघाला आणि थेट पुढे, बुलबुलांच्या शेजारी उभा राहिला. दुसऱ्या गाण्याला बुलबुलांच्या कपाळावर आठी आली. मेहुण्याने नम्रपणे गिटार पुढे केली. तुम्हीच बघा. बुलबुलांनी चौथं बटण केसभर फिरवलं, डोळे मिटून कान दिला, अर्धा केस मागे आणलं आणि आठी पुसली. याला कान लागतो, असं त्यांनी मेहुण्याला बजावलं. त्यानंतर प्रत्येक गाण्याआधी ते बटण फिरवत राहिले आणि मेहुणा अकरा वर्षांचं साचलेलं सगळं वाजवत राहिला. शेवटी बुलबुलांनी माइकवरून जाहीर केलं, की बेस राहणार. आवाज आपण स्वतः बसवला आहे.

मेहुणा मंचावरून उतरला तेव्हा जमिनीपासून चार बोटं वर होता. पहिल्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ उठून त्याच्याकडे आले.

"ती लांब गिटार तुमचीच ना? पूर्ण वेळ माझं लक्ष तुमच्याकडेच होतं."

मेहुण्याने माझ्याकडे बघितलं. दुसरा माणूस सापडला होता.

"पुढच्या वेळी जरा ड्रमच्या मागे उभे राहाल का? पंख्याचा वारा अडतो."