यादीतला एकोणतिसावा

वर्षातून एकदा, रविवारी सकाळी, शाळेचं सभागृह तासाभरासाठी एका तुकडीच्या जुन्या सैनिकांना मिळायचं. खुर्च्या मांडायच्या, आणि दहाच्या ठोक्याला कारकुनाने हजेरी घ्यायची. तुकडीत लिखापढी त्याच्याकडे होती, म्हणून सगळे त्याला अजून कारकूनच म्हणत. त्याच्या हातात अठ्ठावीस नावांची यादी असे. लढाईत टेकडीवर चढण्याआधी त्यानेच ती लिहिली होती. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सतरा जण गेले, पुढच्या एक्केचाळीस वर्षांत आठ. तरी नाव सगळ्यांचं घेतलं जायचं. जो नसेल त्याच्यासाठी घरचं कुणीतरी "हजर" म्हणायचं, आणि ज्याचं मागे कुणीच उरलं नाही त्याच्यासाठी तुकडीचा आचारी म्हणायचा.

यादीला कारकून हात लावू देत नसे. एकदा एका साहेबाने आपल्या भाच्याचं नाव घालायला सांगितलं, तर त्याने तोंडावर नाही म्हटलं होतं.

यंदा दहाला दहा मिनिटं कमी असताना आचाऱ्याची मुलगी त्याच्याजवळ आली.

"काका, आज बाबांचं नाव घ्याल का?"

"घ्याल का म्हणजे? दरवर्षी घेतो की."

"नाही घेत. मी लहानपणापासून येते. बाबा पाच जणांसाठी हजर म्हणतात, स्वतःसाठी कधीच नाही." तिने आवाज खाली आणला. "डॉक्टरांनी हात टेकलेत, काका. पुढच्या वर्षाचं काही खरं नाही."

कारकुनाने चष्मा पुसला आणि बोट ठेवत यादी वाचली. वरून खाली, मग खालून वर. आचाऱ्याचं नाव नव्हतंच.

कारण त्याला लगेच आठवलं. आचारी दुसऱ्या तुकडीकडून उसना आणलेला. म्हणून कारकुनाने त्याला फक्त जेवणाऱ्यांच्या संख्येत धरलं होतं. तो मात्र जेवणाचे डबे घेऊन गोळीबारात वर गेला होता आणि परतताना जखमींना पाठीवर आणलं होतं. तिघांना. त्यातला एक कारकून.

तो उठला आणि खिडकीजवळ बसलेल्या आचाऱ्यापाशी गेला.

"काय रे, तुझं पूर्ण नाव काय?"

"आज बरी आठवण झाली! लग्न जमवतोयस माझं?"

"सांग ना, बाबा."

आचाऱ्याने वडिलांच्या नावासकट सांगितलं. कारकुनाने ते शेवटच्या नावाखाली लिहिलं आणि शेजारी सही करून तारीख घातली. दुरुस्ती केली की सही करायची, ही त्याची जुनी सवय. अक्षर वाकडं आलं.

दहा वाजले.

"हजेरीआधी एक सांगायचंय," तो म्हणाला. "यादीत चूक होती. चूक माझी."

"एक्केचाळीस वर्षांनी सापडली?" लांब्या मागून ओरडला. यादीतल्या हयात तिघांपैकी एक तो. वाकला होता तरी दाराला डोकं लागायचं. "कोंडून ठेवा रे याला!"

लोक हसले. कारकून हसला नाही. त्याने अठ्ठावीस नावं घेतली, नेहमीच्याच आवाजात. मग एकोणतिसावं.

"हजर," आचारी म्हणाला, नाव पुरतं व्हायच्या आत. त्याची मुलगी खाली बघत राहिली.

 लांब्याने खुर्ची सरकवली आणि सगळे चहाकडे वळले.

आचारी मात्र कारकुनाजवळ आला आणि यादीत डोकावला.

"हे काय, मला तळाशी टाकलंस? अक्षरांच्या क्रमाने मी सातवा येतो."

"पुढच्या वर्षी नवीन लिहीन."

"पुढच्या वर्षी कशाला? आज कुठे जायचंय तुला?"

ती यादी कारकुनाने आजवर कधी उतरवून काढली नव्हती. त्याने मुख्याध्यापकांच्या टेबलावरून दोन कोरे कागद मागून आणले. आचारी शेजारी बसून एकेक नाव वाचू लागला. सातव्यावर आला तेव्हा म्हणाला, "सावकाश लिही. घाई नाही."

चहा निवत गेला. लांब्याने दोनदा हाक मारली, मग स्वतःच त्यांचे पेले आणून टेबलावर ठेवले, कागदापासून दूर.