भलत्या पत्त्यावरचा हुकूम

मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराच्या एका कारखान्यात नेरेइदाचं काम म्हणजे व्होल्ट मोजणाऱ्या मीटरांना संगणकावरून हुकूम सोडणं. हुकुमाची भाषा मोठी शिस्तीची. शब्दाशब्दांत विसर्गासारखी दोन टिंबं, आणि उत्तर हवं असेल तर शेवटी प्रश्नचिन्ह. ते राहिलं, की मीटर ढिम्म.

त्या सोमवारी प्रश्नचिन्ह जागच्या जागी होतं. उत्तरंही येत होती, पण भलतीच. पाच व्होल्टच्या जागी कधी शून्य, कधी बारा. चुकीच्या आकड्याला मीटरने वाजायचं, असंही तिने लिहिलं होतं. तिच्या शेजारचा मीटर मात्र गप्प.

वाजत होता तो खालच्या मजल्यावरचा, दुरुस्ती विभागातल्या डॉन एलिहिओंचा; ‘डॉन’ म्हणजे तिथलं मानाचं ‘राव’. हुकूम कुठल्या मीटरला जायचा त्या पत्त्यातला शेवटचा आकडा तिने चुकवला होता. म्हाताऱ्याने मीटरला दोन चापट्या दिल्या. तो पुन्हा वाजला. बटणंही दाद देईनात.

आकडे असे उड्या मारतायत म्हणजे कुणीतरी हातात तारा धरून बसलंय, हे नेरेइदाने ताडलं. मीटरच्या पडद्यावर अक्षरं उमटवायचा हुकूम तिला ठाऊक होता. तिने लिहिलं, ‘कोण आहे?’

डॉन एलिहिओंनी छातीवर क्रूस काढला. मग कोण हसतंय ते पाहिलं. कुणीच हसत नव्हतं. तेवढ्यात नवी अक्षरं आली: ‘हो असेल तर बॅटरी.’ त्यांनी तारा नऊ व्होल्टच्या बॅटरीला टेकवल्या.

‘दुरुस्ती विभाग?’ तिने विचारलं. तिच्या संगणकावर नऊ आले.

‘रागावलात?’

नऊ. पुन्हा नऊ. तारा काही बॅटरीवरून हलेनात.

थोड्या वेळाने डॉन एलिहिओ मीटर काखोटीला मारून जिना चढून आले. “पोरी, दोन पावलं खाली आली असतीस तर पाय झिजले असते का तुझे?”

“चुकलं, डॉन एलिहिओ. पत्त्यात एक आकडा…”

“आकडा मरू दे. ती अक्षरं कशी काढतात, तेवढं दाखव.”

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या, म्हणजे सेन्योर बेर्मेहोंच्या केबिनमधल्या मीटरवर झळकलं, ‘कॉफी यंत्र बंद’. साहेबांनी चष्मा पुसला, मीटर बंद करून चालू केला, आणि बिघडला म्हणून दुरुस्तीला धाडला. डॉन एलिहिओंनी तो गंभीर चेहऱ्याने दुपारभर ठेवून घेतला आणि संध्याकाळी कळवलं, की मीटर ठणठणीत आहे, म्हणतोय ते खरं आहे.

आठवडा संपायच्या आत नवं कॉफी यंत्र आलं. पहिला कप डॉन एलिहिओंनी नेरेइदाला वर नेऊन दिला, साखर जरा जास्तच घालून.