ज्ञानबा नावाचा माणूस

माझे वडील, ज्ञानबा, माझ्या जन्माआधीपासून आमच्या गावच्या सरकारी शाळेत शिपाई होते. शाळेचं म्हणणं, असा माणूस तिथं कधी नव्हताच! नेमणुकीचा कागद नाही म्हणून एके दिवशी त्यांना घरी बसवलं. त्यांनी दावा लावला आणि तारखा करता करताच ते गेले. मग वारस म्हणून आईनं दावा पुढं चालवला. आमच्या बाजूनं साक्षीदार एकही नाही. सगळ्या गावाला आयत्या वेळी विसर पडला.

त्या दिवशी शेळ्या शेजारच्या केशरबाईच्या हवाली करून आम्ही बाळापूरहून एसटीनं कोर्टात गेलो. साक्षीला शाळेचे हेडमास्तर उभे होते. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध आणि तोंडात धडधडीत खोटं.

"ज्ञानबा नावाच्या माणसाला ओळखता?" आमच्या वकिलांनी विचारलं.

"न्हाई. कधी पाहिला बी न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईनं माझा हात दाबला. तेवढ्यात सडा टाकून नुकत्याच झाडलेल्या जमिनीचा वास आला, वडील शाळेचं अंगण झाडून घरी यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला यायचा तसा. कोर्टात, भरदुपारी. मला वाटलं, भास असेल.

हेडमास्तरांना ठसका लागला. खोकता खोकता त्यांनी न बघताच हात मागं केला, पेला धरावा तशी बोटं वळवली आणि हात ओठांशी नेला. हात रिकामा होता. पण त्यांच्या गळ्याची घाटी हलली, आणि हनुवटीवरून खरोखरच पाणी ओघळलं. शर्ट भिजला.

"ज्ञानबा," ते सवयीनं खेकसले, "कोमट काहून आणलंस रे? माठातलं आण."



"कोणाशी बोलताय?" न्यायाधीशांनी विचारलं.

हेडमास्तरांनी वळून पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला.

"तो... इथंच तर असतो, साहेब. रोज."

न्यायाधीशांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगितले. "आपण जिंकल्यात जमा," वकील माझ्या कानाशी पुटपुटले. मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं, पण अंगावरचा काटा काही जाईना.

आई मात्र उठली. हेडमास्तरांच्या मागं जी रिकामी जागा होती, तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता रडणार. पण ती चिडली होती, घरी उशिरा येणाऱ्या नवऱ्यावर चिडावं तशी.

"मेल्यावर बी याचीच चाकरी करून राहिले व्हय तुमी?" ती म्हणाली. "बास झालं. सुटली तुमची नोकरी. चला घरी."